कोल्हापूरचा भूवापर आणि वाहतूक: संगणकीय मॉडेल पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव ही गावे कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरची; परंतु तेथे राहणाऱ्या पुष्कळांचा रोजचा प्रवास शहरात किंवा एमआयडीसीत होतो. शहरातील जागा परवडत नाही म्हणून कुटुंब बाहेर जाते, अशा कुटुंबांमुळे रस्त्यावर दुचाक्या वाढतात, दुचाक्या वाढल्या की रस्ता रुंद करण्याची मागणी होते, आणि रस्ता रुंद झाला की त्याच्या पुढचे शिवार बिगरशेती होऊ लागते. या साखळीतला कोणता दुवा किती जोराने ओढतो, हे नुसत्या निरीक्षणाने सांगता येत नाही. भूवापर आणि वाहतूक यांचे संगणकीय मॉडेल म्हणजे ही साखळी आकड्यांत मांडून, एक दुवा बदलला तर बाकीचे किती आणि किती वर्षांनी हलतील, याचा हिशेब करण्याची पद्धत होय.

हा लेख भूगोल, स्थापत्य आणि नगररचना या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच आपल्या गावाच्या विकास आराखड्यावर अभ्यासपूर्वक हरकत किंवा सूचना देऊ इच्छिणाऱ्या नागरिकांसाठी लिहिला आहे. साधा संगणक, क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर आणि तक्त्यातील आकडे शांतपणे वाचण्याची सवय एवढे भांडवल पुरते. मी एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगेन: जे मॉडेल कोल्हापूरचा भूतकाळ बरोबर सांगू शकत नाही, त्याला भविष्य विचारू नये. पुढच्या सर्व पायऱ्या याच आग्रहाभोवती रचल्या आहेत.

पायरी पहिली: प्रश्न एका वाक्यात लिहावा

'कोल्हापूरची वाहतूक कशी सुधारेल?' या प्रश्नाला कोणतेही मॉडेल उत्तर देऊ शकत नाही. 'शहराच्या दक्षिणेकडून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीकडे नवा जोडरस्ता झाला, तर पुढील दहा वर्षांत कोणत्या गावांच्या शेतीवर बांधकामाचा दाब वाढेल?' या प्रश्नाला देऊ शकते, कारण त्यात बदल, मुदत, जागा आणि मोजायची गोष्ट या चारही बाबी आहेत.

साधन कोणते घ्यावे हे प्रश्नावरून ठरते. एखाद्या चौकातील सिग्नलची वेळ बदलून रांग किती कमी होते हे पाहायचे असेल, तर जर्मनीच्या अंतराळ संशोधन केंद्राने विकसित केलेले सुमो हे प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे चालवणारे सॉफ्टवेअर योग्य ठरते. वस्ती कोठे पसरेल एवढाच प्रश्न असेल, तर सेल्युलर ऑटोमाटा पद्धतीचे (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन शेजाऱ्यांवरून बदलणारे) स्लूथ किंवा क्यूजीआयएसमधील मोलुस हे पूरक साधन पुरते. घरे, नोकऱ्या, जागेचे भाव आणि प्रवास हे सारे एकत्र हवे असेल, तर अर्बनसिमसारखी मोठी व्यवस्था लागते. परंतु तिला प्रत्येक घराची आणि प्रत्येक मिळकतीची माहिती हवी असते. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डग्लस ली यांनी १९७३ साली मोठ्या नागरी मॉडेलांवर जी प्रसिद्ध टीका केली, तिच्यात अतिभव्यता, माहितीची अवाढव्य भूक आणि खर्च हे दोष ठळकपणे मांडले होते. ते दोष आजही नव्या अभ्यासकाला गाठतात.

पायरी दुसरी: हद्द आणि विभाग

कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ साली झाली आणि तिचे क्षेत्र सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटर राहिले. हद्दवाढीचा वाद अनेक दशके चालला, आणि त्या काळात वाढ हद्दीच्या पलीकडे होत राहिली. म्हणून मॉडेलची हद्द महानगरपालिकेच्या हद्दीवर थांबवली, तर ज्या बदलाचा अभ्यास करायचा तोच नकाशाबाहेर पडतो. २०१७ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात शहराभोवतालच्या ४२ गावांचा समावेश करण्यात आला; ती गावे आणि शहर मिळून अभ्यासक्षेत्र धरणे सोयीचे आहे. इचलकरंजी, सांगली-मिरज आणि निपाणी यांना बाह्य विभाग मानावे. म्हणजे तेथून येणारी-जाणारी वाहने हिशेबात घ्यावीत, पण तेथील भूवापराचे भाकीत करू नये.

शहरातील विभागांसाठी २०११ च्या जनगणनेतील प्रभाग घ्यावेत. निवडणुकीचे प्रभाग वारंवार बदलतात आणि दोन वर्षांची तुलना अशक्य करतात. मोठ्या विभागाचे तुकडे करताना पंचगंगा, रेल्वेमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ यांना सीमा मानावे, कारण हे तिन्ही ओलांडण्याच्या जागा मोजक्याच आहेत आणि प्रवासाचा वेळ त्या जागांवर ठरतो. सर्व नकाशे एकाच प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एकाच पद्धतीत, ठेवावेत. कोल्हापूरसाठी यूटीएमचा ४३ वा उत्तर पट्टा, म्हणजे सॉफ्टवेअरमधील ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाचे प्रक्षेपण, योग्य आहे.

पायरी तिसरी: जमिनीची माहिती

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा.

अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची ३० मीटर तपशिलाची छायाचित्रे १९८० च्या दशकापासूनची उपलब्ध आहेत आणि २००८ पासून ती मोफत मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रे २०१५ पासूनची आहेत. आपल्या मोजमापात सांगायचे तर लँडसॅटच्या चित्राचा सर्वांत लहान घटक, म्हणजे एक चौकोन, सुमारे ९ गुंठ्यांचा आणि सेंटिनेलचा सुमारे १ गुंठ्याचा. गुंठेवारीने पडलेले तुकडे लँडसॅटच्या चौकोनात एकेकटे दिसत नाहीत. अनेक तुकड्यांवर घरे उभी राहिल्यावरच तो चौकोन 'बांधकाम' म्हणून ओळखला जातो. त्यामुळे लँडसॅटवरून काढलेले बांधकामाचे वर्ष प्रत्यक्षापेक्षा उशिराचे असते, हे गृहीत धरून चालावे.

चित्राचा महिना निवडताना कोल्हापूरची शेती डोळ्यांसमोर हवी. जून ते सप्टेंबर ढगांमुळे चित्रे निरुपयोगी ठरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊस तुटून गेलेला असतो आणि मोकळे रान उपग्रहाला बरेचसे नव्या प्लॉटिंगसारखे दिसते. उन्हाळ्यात वीटभट्ट्यांची उघडी लाल मातीही असाच घोटाळा करते. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा बहुधा उत्तम, कारण पाऊस सरलेला असतो, ऊस उभा असतो आणि हिरवे रान व बांधकाम यांतील फरक स्पष्ट असतो. ज्या वर्षांची तुलना करायची त्या सर्वांची चित्रे एकाच महिन्याची असावीत.

उपग्रह फक्त जमिनीवर काय आहे ते दाखवतो; ते कशासाठी वापरले जाते हे दाखवत नाही. शिरोलीतील फाउंड्रीचे पत्र्याचे छत आणि मंगल कार्यालयाचे पत्र्याचे छत वरून सारखेच दिसते, पण त्यांच्यामुळे होणारा प्रवास अगदी वेगळ्या वेळी आणि वेगळ्या प्रमाणात होतो. त्यामुळे मंजूर विकास योजनेचा नकाशा, ओपनस्ट्रीटमॅप आणि प्रत्यक्ष फेरफटका यांच्या आधारे निवासी, व्यापारी, औद्योगिक, सार्वजनिक आणि शेती असे निदान पाच वर्ग करावेत. सुरुवातीला पाचांहून अधिक वर्ग करू नयेत. प्रत्येक वाढीव वर्गामागे चुकीच्या नोंदी वाढतात.

नकाशावरचा पूररेषेचा थर कोल्हापुरात ऐच्छिक नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोहोंच्या मध्ये नियंत्रित मानले जाते. येथे नवा अभ्यासक हमखास एक सोपा मार्ग घेतो: निळ्या रेषेच्या आतील सर्व चौकोनांना बांधकामाची शक्यता शून्य देतो. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असले, तरी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्याखाली गेलेल्या वस्त्या नकाशावर आहेतच, आणि त्या नसल्याचे मॉडेलला शिकवले तर ते भूतकाळच चुकीचा शिकेल. यासाठी दोन स्वतंत्र थर ठेवावेत. मॉडेल शिकवताना, म्हणजे जुन्या माहितीवरून त्याचे आकडे बसवताना, प्रत्यक्षात काय घडले त्याचा थर वापरावा, आणि नियम काटेकोर पाळले गेले तर काय होईल हे पाहताना कायद्याचा थर वापरावा. या दोन निकालांतील अंतर हेच अनेकदा अभ्यासाचे सर्वांत उपयोगी फलित असते.

पायरी चौथी: प्रवासाची माहिती

२०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योगांव्यतिरिक्त इतर कामगारांना कामाचे ठिकाण किती लांब आहे आणि तेथे ते कशाने जातात हे विचारले होते. त्यातून कोणत्या गावाहून कोणत्या गावी किती लोक जातात हे कळत नाही, पण जिल्ह्यातील नागरी व ग्रामीण भागांत प्रवासाचे अंतर कसे विभागले आहे ते कळते, आणि आपल्या मॉडेलचे अंतर त्याच्याशी ताडता येते. बाकी माहिती स्वतः गोळा करावी लागते. केएमटीचे, म्हणजे महानगरपालिकेच्या बससेवेचे, मार्ग आणि वेळा नकाशावर चढवाव्यात. केवळ केएमटी आणि एसटी मोजून थांबू नये. वडापने, म्हणजे प्रवासी भरून चालणाऱ्या खासगी वाहनांनी, होणारा प्रवास अधिकृत आकड्यांत नसतो, मात्र आसपासच्या गावांच्या प्रवासाचे चित्र त्याच्याविना पुरे होत नाही.

वाहनांची मोजणी तावडे हॉटेल, सायबर चौक, गंगावेश, फुलेवाडी अशा शहराच्या तोंडांवर करावी. नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा आणि लग्नाचे मोठे मुहूर्त टाळावेत. गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, म्हणून हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा अशी दोनदा मोजणी केल्याशिवाय वेगाचा अंदाज विश्वासार्ह होत नाही. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीची वेळ पाळीनुसार ठरते. शहराची सकाळची वेळ तिच्यावर लादू नये.

वेगवेगळी वाहने एका मापात आणण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची १०६-१९९० ही मार्गदर्शिका वापरतात. तिच्यात दुचाकीचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल तर दुचाकीला ०.५ आणि १० टक्के किंवा अधिक असेल तर ०.७५ मोटारींइतके धरले आहे. दुचाक्यांच्या या शहरात अर्थातच दुसरा आकडा लागू होतो.

पायरी पाचवी: पहिला हिशेब हाताने

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एक हिशेब कागदावर करावा. आकडे समजण्यापुरते कल्पित आहेत. पाचगावातून रोज १,००० लोक कामाला निघतात असे समजू. शाहूपुरीत ६,००० नोकऱ्या आहेत व तेथे पोहोचायला २० मिनिटे लागतात. गोकुळ शिरगावात ३,६०० नोकऱ्या आहेत व १५ मिनिटे लागतात. गुरुत्वाकर्षणाच्या पद्धतीनुसार ठिकाणाची ओढ नोकऱ्यांच्या संख्येच्या सम प्रमाणात आणि वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरली, तर शाहूपुरीची ओढ ६,००० भागिले ४०० म्हणजे १५, आणि गोकुळ शिरगावची ३,६०० भागिले २२५ म्हणजे १६ येते. एकूण ३१. म्हणजे सुमारे ४८४ लोक शाहूपुरीला आणि ५१६ गोकुळ शिरगावला जातील.

आता नव्या रस्त्यामुळे गोकुळ शिरगाव १२ मिनिटांवर आले असे समजू. त्याची ओढ ३,६०० भागिले १४४, म्हणजे २५ होते. एकूण बेरीज ४०. शाहूपुरीला ३७५ आणि गोकुळ शिरगावला ६२५ लोक जातील. तीन मिनिटांच्या बचतीने शंभरावर लोकांनी कामाची दिशा बदलली.

यातील बेरजेकडे विशेष लक्ष द्यावे. ३१ वरून ४० झालेली ही बेरीज म्हणजे पाचगावची नोकऱ्यांपर्यंतची पोहोच. वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ साली दाखवले की ज्या भागाची अशी पोहोच जास्त, त्या भागातील मोकळ्या जमिनीवर वस्ती वाढण्याचा कल जास्त. प्रवासाच्या हिशेबातून निघालेला हा एक आकडा जमिनीच्या हिशेबात जातो, आणि दोन्ही मॉडेले येथेच जोडली जातात. आयरा लोरी यांनी १९६४ साली पिट्सबर्गसाठी बांधलेल्या मॉडेलमध्येही उद्योगांपासून घरे, घरांपासून दुकाने व सेवा, आणि त्या सेवांतल्या नोकऱ्यांपासून पुन्हा घरे अशी फेरी होती.

पायरी सहावी: रस्त्यावरील गर्दी

पूर्ण वाहतूक मॉडेलचे चार टप्पे असतात: प्रत्येक विभागातून किती प्रवास निघतो, तो कोठे जातो, कशाने जातो आणि कोणत्या रस्त्याने जातो. चौथ्या टप्प्यासाठी एक्विलिब्रे हे मोफत साधन क्यूजीआयएसमधून चालते. गर्दीमुळे वेळ किती वाढतो हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाचे सूत्र जगभर वापरले जाते: मोकळ्या रस्त्यावरच्या वेळेला एक अधिक ०.१५ गुणिले वाहनसंख्या व क्षमता यांच्या गुणोत्तराचा चौथा घात, याने गुणायचे. रस्ता क्षमतेइतका भरला तर वेळ १५ टक्क्यांनी, क्षमतेच्या दीडपट भरला तर सुमारे ७६ टक्क्यांनी वाढतो. ०.१५ आणि ४ हे आकडे आपल्या मिश्र वाहतुकीतून आलेले नाहीत. गर्दीच्या आणि निवांत वेळी त्याच रस्त्याचे प्रवासवेळ नोंदवून ते स्थानिक पातळीवर बसवून घ्यावेत.

पायरी सातवी: जमीन बदलण्याचा नियम

आता प्रत्येक शेतीच्या चौकोनाला पुढील वर्षी बांधकाम होण्याची शक्यता द्यायची. शेजारचे किती चौकोन आधीच बांधलेले आहेत, पक्का रस्ता किती दूर आहे, पाचव्या पायरीतील पोहोच किती आहे, उतार आणि पूररेषा या पाच बाबींवर लॉजिस्टिक समीकरण (शून्य ते एक यांदरम्यान शक्यता देणारे) बसवून सुरुवात करावी. कोल्हापुरात सहावी बाब म्हणून बारमाही पाणी जोडावे, असे मी सुचवेन. नदीकाठच्या पाणीपुरवठा योजनांवर भिजणारे ऊसाचे रान आणि दक्षिणेकडील माळरान यांची विक्रीची तयारी सारखी नसते. रस्त्यापासूनचे अंतर तेवढेच असूनही एक बदलते आणि दुसरे टिकते.

किती चौकोन बदलतील हे एकूण लोकसंख्येच्या अंदाजावरून ठरवावे आणि कोणते बदलतील हे या शक्यतांवरून. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ४,९३,१६७ आणि २०११ मध्ये ५,४९,२३६ होती, म्हणजे दशकात जेमतेम ११ टक्के वाढ. भोवतालच्या गावांचे आकडे वेगळे काढून पाहावेत. शहराचा दर त्यांना लावू नये.

पायरी आठवी: साखळी जोडताना काळाचे अंतर

प्रवास काही आठवड्यांत बदलतो, जमीन काही वर्षांत. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ त्यानंतर चार वर्षांनी, १८९५ साली वसवली गेली. तीही संस्थानाच्या पुढाकाराने. म्हणून दरवर्षीच्या फेरीत या वर्षीचा प्रवास या वर्षीच्या भूवापरावरून काढावा, पण जमिनीच्या नियमात दोन-तीन वर्षांपूर्वीची पोहोच वापरावी. हे अंतर न ठेवल्यास रस्ता सुरू होताच शेजारचे शिवार एका वर्षात भरून गेल्याचे मॉडेल दाखवते.

पायरी नववी: भूतकाळाची परीक्षा

२००१ ते २०११ या काळावर मॉडेल शिकवावे आणि २०११ ते २०२१ हा काळ त्याच्यापासून लपवून ठेवावा. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे या दुसऱ्या काळाची तपासणी उपग्रहाच्या चित्रांवरून करावी लागेल.

'मॉडेल ९३ टक्के अचूक' असे वाक्य वाचले की थांबावे. समजा १,००० चौकोनांपैकी ५० खरोखर बदलले. मॉडेलने ६० बदलतील असे सांगितले आणि त्यांतील २० बरोबर आले. चुकलेले बदल (झाले, पण मॉडेलने सांगितले नाहीत) ३० आणि खोटे बदल (सांगितले, पण झाले नाहीत) ४०. म्हणजे ७० चुका, आणि अचूकता ९३ टक्के. परंतु 'काहीच बदलणार नाही' एवढेच सांगणाऱ्याची अचूकता ९५ टक्के भरते! खरा मापदंड बदलापुरता हवा: बरोबर आलेले २०, भागिले बरोबर, चुकलेले आणि खोटे यांची बेरीज ९०, म्हणजे सुमारे २२ टक्के. हा आकडा लाजिरवाणा नाही. चौकोनागणिक भाकीत अवघड असते आणि गावनिहाय बेरीज त्यापेक्षा पुष्कळ चांगली जुळू शकते, म्हणून दोन्ही पातळ्यांवरील निकाल द्यावेत.

चुका कोठे झाल्या त्याचा नकाशा छापून त्या गावी जावे. तलाठी, जुने रहिवासी, रिक्षाचालक यांच्याशी बोलल्यावर बहुतेक वेळा एखादे वगळलेले कारण सापडते: वारसांमधील वाद, विहिरीचे पाणी, बंद पडलेला वडापचा मार्ग.

पायरी दहावी: पर्याय चालवणे आणि निकाल लिहिणे

'आहे तसेच', 'नवा रस्ता', 'नवा रस्ता आणि पूररेषेचे काटेकोर पालन', 'रस्त्याऐवजी वाढीव बससेवा' असे चार पर्याय पुरेत. प्रत्येक पर्याय वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवातींनी (संगणकाने योगायोगाने निवडलेल्या आकड्यांनी) अनेक वेळा चालवावा आणि उत्तर एका आकड्यात न देता कमाल-किमान मर्यादेत द्यावे. कोल्हापूरसाठी पूर आल्याचे धरून मॉडेलची एक जादा फेरीही करावी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी त्यापुढे चढत गेले की एकेक मार्ग बंद होतो, आणि २०१९ व २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. ते मार्ग रस्त्यांच्या जाळ्यातून काढून प्रत्येक पर्यायात किती लोकांची रुग्णालयापर्यंतची वाट तुटते हे मोजावे. रोजच्या दिवशी उत्तम ठरलेला पर्याय पुराच्या दिवशीही उत्तम राहतोच असे नाही.

अहवालासोबत चित्रांच्या तारखा, वर्गांच्या व्याख्या, समीकरणाचे गुणक, यादृच्छिक सुरुवातीचे क्रमांक आणि मोजणीचे मूळ तक्ते ठेवावेत. पुढील जनगणनेचे प्रभागनिहाय आणि गावनिहाय आकडे हाती आले, की पहिल्यांदा जुन्या मॉडेलचे भाकीत एकही गुणक न बदलता त्या आकड्यांशी ताडून पाहावे, फरक नोंदवावा, आणि त्यानंतरच मॉडेल नव्याने शिकवायला घ्यावे.